काचेखालची बाई

झोराइदे बिकाल्यो गेली तीसेक वर्षं मेलेल्या माणसांची परवानगी घेऊन शिकवत आली होती, आणि आजवर एकानेही तिला नाही म्हटलं नव्हतं.

रीत अगदी साधी होती. वैद्यकीय कॉलेजच्या शरीरशास्त्राच्या दालनात टाकीतून काढलेला देह ओट्यावर ठेवला, की विद्यार्थ्याने उजवा तळहात चादरीवर टेकवायचा आणि म्हणायचं, "परवानगी असावी." त्या डोंगराळ मुलखात कुणाच्या घराचा उंबरा ओलांडताना म्हणतात तेच हे शब्द. फरक एवढाच, की घरातून "या, या, कॉफी घ्या" असं उत्तर येतं आणि इथे येत नसे. मग एक श्वास घ्यायचा आणि सावकाश सोडायचा. तेवढ्यात कुणी काही बोललं नाही म्हणजे हरकत नाही असं धरायचं आणि चिमटा उचलायचा. तास संपला की चादर वर ओढून म्हणायचं, "देव तुमचं भलं करो." पहिल्या सत्रात मुलं या प्रकाराला हसत. दुसऱ्या सत्रात हसणं बंद होई. आणि पुढे डॉक्टर झालेली ही मुलं कधी बाजारात भेटली, तर मनगटातल्या हाडांची नावं विसरलेली असत, पण हे दोन शब्द विसरलेली नसत.

कॉलेजचा संचालक एव्हांद्रो लाना हा त्यांच्यापैकीच एक. मार्चमध्ये त्याने झोराइदेला आपल्या खोलीत बोलावलं, खुर्ची स्वतः पुढे सरकवली, कॉफी मागवली. एवढं अगत्य पाहूनच ती सावध झाली.

"प्रोफेसोरा, स्पष्टच बोलतो," तो म्हणाला.

"तू आधी साखर ढवळ. मघापासून चमचा नुसताच फिरवतोयस."

तो हसला, मग गंभीर झाला. "शेजारच्या गावातलं ते दंतवैद्यकाचं कॉलेज बंद पडलं, माहीत आहे ना? मुलं आता फोनवर शिकतात. डोंगर चढून आपल्याकडे यायचं, तर इथे काहीतरी असायला हवं. टाक्यांच्या जोरावर आता कुणी कॉलेज चालवत नाही. नवे देह मिळत नाहीत, वासाला पालक नाकं मुरडतात. मी टेबल मागवलंय. काचेचं. आत अख्खं शरीर दिसतं, थर काढता येतात, परत घालता येतात."

"आणि मी?"

"तेच सांगतोय. जूनमध्ये, सेंट जॉनच्या सणाआधी, मंत्रालयाची तपासणी आहे. तुम्ही त्यांच्यासमोर टेबलावर एक तास घ्या. नीट झाला, तर तुम्हाला वाटेल तितकी वर्षं शिकवा, मी असेपर्यंत कुणी हात लावणार नाही. नाही झाला, तर विश्वस्त साओ पाउलोहून तयार तास विकत घेणार आहेत. पडद्यावरचा माणूस बोलेल आणि मुलं ऐकतील. मग शरीरशास्त्राला इथे माणूस लागणार नाही." त्याने चमचा खाली ठेवला. "माझ्या हातात एवढंच होतं."

झोराइदेने आपला कप बाजूला सरकवला. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं. बहिणीच्या घरी एक खोली होती आणि या कॉलेजात एक दालन होतं, आणि त्या दोहोंपैकी घर कुठलं हे तिला कुणी विचारलं असतं, तर तिने बहिणीचं नाव घेतलं नसतं.

"त्या काचेत शरीर कुणाचं आहे?" तिने शेवटी विचारलं.

"कंपनीचं एक असतं. पण आपण आपलंही घालू शकतो. मला वाटलं, टाकीतली सेन्योरा घालावी. म्हणजे निदान ती तरी तुमच्यासोबत राहील."

टाकीत आता ती एकच उरली होती. झोराइदे विद्यार्थिनी असताना पलीकडच्या डोंगरावरच्या वेड्यांच्या इस्पितळातून बेवारस मेलेल्यांना घेऊन एक बंद गाडी यायची, तिच्यातून आलेली. भादरलेलं डोकं, आखूड बोटं, नाव ठाऊक नाही. मुलांना तिला टोपणनाव ठेवायची मनाई होती. नाव माहीत नाही ना, मग "सेन्योरा", म्हणजे बाईसाहेब, म्हणा, असा नियम. फॉर्मलिनमध्ये इतकी वर्षं राहून तिची कातडी चिंचेच्या कोळासारखी झाली होती. तिला कापायचं झोराइदेने केव्हाच थांबवलं होतं. ती फक्त दाखवायला बाहेर निघायची.

झोराइदे टाकीपाशी गेली, झाकण उचललं, तळहात कडेवर टेकवला आणि परवानगी मागितली. एक श्वास घेतला, सोडला. कुणी काही बोललं नाही. मग तिने एव्हांद्रोला होकार कळवला.

एका रविवारी जिल्हा इस्पितळाचं स्कॅनिंगचं यंत्र मोकळं होतं, तेव्हा सेन्योराला तिथे नेऊन नखशिखान्त टिपून आणलं. महिन्याभराने टेबल आलं. जेवायला दहा माणसं बसतील एवढी काळी काच, आणि ती उजळली की खाली बाई पडलेली. अगदी तेवढ्याच उंचीची, तीच आखूड बोटं. पण कंपनीने तिला रंग दिला होता. कुणीतरी अंदाजाने गव्हाळ वर्ण निवडला होता, ओठांना लाली दिली होती. वर्षानुवर्षं टाकीत पाहिलेली ती बाई आता नुकतीच न्हाऊन डोळा लागल्यासारखी दिसत होती. झोराइदेने पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिच्या अंगावर चादर घालावी म्हणून तिचा हात आपोआप पुढे झाला, आणि काचेवर आपटला.

टेबलाबरोबर कंपनीचा एक तरुण आला होता, उबिराजारा. सगळे त्याला बिरा म्हणत. गावातल्या खानावळीत उतरलेला, चीझचे गरम पाव खाऊन खाऊन खूश असलेला. टेबल आवाजावर चालायचं. "त्वचा काढ," म्हटलं की त्वचा जायची. "स्नायू दाखव," म्हटलं की स्नायू. आणि "पूर्ववत कर," म्हटलं की बाई पुन्हा अखंड. प्रत्येक वेळी काचेतून एक आवाज म्हणायचा, "झालं." बातम्या देणाऱ्या निवेदिकेसारखा, घासून पुसून लख्ख केलेला आवाज.

पहिल्या तासाला मुलांनी सवयीप्रमाणे तळहात काचेवर ठेवला. कासियाने नावाची एक बारीकशी, भित्री मुलगी पुढे होती. ती म्हणाली, "परवानगी असावी."

"आदेश समजला नाही," टेबल म्हणालं. "कृपया पुन्हा बोला."

वर्गात हशा पिकला. जोनास म्हणून एक उंच, वाचाळ मुलगा होता, तो म्हणाला, "घ्या. सेन्योराला कान मिळाले आणि पहिल्याच दिवशी बहिरी निघाली."

"जोनास," झोराइदे म्हणाली.

"सॉरी, प्रोफेसोरा. सॉरी, सेन्योरा."

"एवढंच ना?" बिरा भिंतीजवळून पुढे आला. "दोना झोराइदे, काळजी करू नका. हे वाक्य मी आत घालतो. कुणी परवानगी मागितली की ती देईल. पोरांनाही बरं वाटेल."

झोराइदेला ते बरं वाटलं नाही. पण का, ते तिला सांगता येईना. आपण म्हाताऱ्या झालो, नवं काही दिसलं की आपल्याला खुपतं, असं तिने स्वतःला समजावलं. या गेल्या काही वर्षांत ती स्वतःला असं वरचेवर समजावत असे. कॉफी गार व्हायच्या आत बिराचं काम उरकलंही होतं. कासियानेने पुन्हा हात ठेवला, पुन्हा विचारलं.

"परवानगी आहे," निवेदिका म्हणाली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचे काही आठवडे खरोखरच चांगले गेले, हे झोराइदेला मान्य करावं लागलं. ओट्यावरच्या देहासमोर जिचे हात थरथरायचे ती कासियाने आता काचेवर मानेतल्या नसा अशा मोकळ्या करायची, की बघत राहावं. चुकलं तरी भीती नव्हती. "पूर्ववत कर," म्हणायचं आणि पुन्हा सुरुवात. जोनास तर एकाच तासात यकृत चार वेळा काढायचा आणि घालायचा.

तिला खटकायचं ते वेगळंच. पूर्वी विचारल्यानंतर एक श्वास जायचा. तो आता उरला नव्हता. प्रश्न संपायच्या आत "परवानगी आहे" येऊन पडायचं, आणि मुलं हात चोळत कामाला लागायची. शिवाय ओट्यावरचा देह दर तासाला थोडा थोडा कमी होत जायचा. वर्षअखेरीस त्याच्यात फारसं काही उरायचं नाही, आणि नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, सगळा वर्ग फुलं घेऊन त्याला मूठमाती द्यायला जायचा. ही बाई कमी होत नव्हती. रोज उघडायची आणि रोज संध्याकाळी अखंड व्हायची, उद्या पुन्हा उघडण्यासाठी. तास संपल्यावर "देव तुमचं भलं करो" म्हणायला झोराइदेची जीभ रेटेना, कारण काही संपलंच नव्हतं.

मेच्या अखेरीला डोंगरावर धुकं उतरलं. एका सकाळी जोनासने नेहमीसारखा काचेवर पंजा आपटला आणि विचारलं.

टेबल गप्प राहिलं.

जोनास वाकला. "सेन्योरा? झोप झाली नाही का?"

"नाय," काचेतून आवाज आला.

हळू आवाज. ती निवेदिका नव्हती. ओठ नीट न उघडता, शेवट गिळून टाकत म्हटलेला शब्द. डोंगरावरच्या म्हाताऱ्या बायका बोलतात तसा.

मुलं हसली, जोनासही हसला. "बिरा, लेका, भारी आहे हं. तुझ्या आजीला आणून बसवलंस काय आत?"

बिरा हसत नव्हता. "मी काही केलेलं नाही."

"हो, आणि मी पोप आहे." जोनासने मान वळवली आणि मोठ्याने म्हणाला, "त्वचा काढ."

त्वचा गेली. "झालं," निवेदिका म्हणाली, लख्ख आणि प्रसन्न.

झोराइदेने तेव्हा टेबलाची कड घट्ट धरली. टेबलाने हुकूम पाळला होता. नाही म्हटलं होतं ते टेबलाने नव्हे.

तास संपल्यावर बिराने टेबलाच्या पोटातलं सगळं उपसून पाहिलं. मग तो तिच्याशेजारी येऊन बसला. त्याच्या कपाळाला घाम होता, आणि दालन तर थंडीने गोठलं होतं.

"दोना झोराइदे, मी एकच उत्तर घातलंय. आत दुसरं उत्तर नाहीच. आणि तो आवाज एका साओ पाउलोच्या बाईचा आहे, स्टुडिओत बसून रेकॉर्ड केलेला. तिला असं बोलताच येणार नाही."

"मग कोण बोललं?"

"मी इंजिनियर आहे," बिरा म्हणाला. "मला असं विचारू नका."

दुसऱ्या दिवशी कासियानेची पाळी होती. तिने बोटांची टोकं तेवढी काचेवर ठेवली. आवाज इतका लहान, की तिलाच ऐकू आला असेल.

"नाय, पोरी," उत्तर आलं.

कासियानेने हात काढून घेतला आणि ती मागे सरकली. कुणी हसलं नाही. झोराइदे तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन आली, आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली.

"घाबरलीस?"

"रागावली नव्हती ती, प्रोफेसोरा," कासियाने म्हणाली. "चुलीवरच्या गरम भांड्याला हात लावायला गेले की माझी आजी असंच म्हणायची. अगदी असंच." थोड्या वेळाने तिने विचारलं, "मला आत जावं लागेल का?"

"नको जाऊस."

त्यानंतर "परवानगी आहे" क्वचितच ऐकू येऊ लागलं, आणि मग थांबलंच. कुणीही विचारावं, कधीही विचारावं, तोच एक शब्द. जोनासने पैज लावली की मी तिच्याकडून होकार काढून दाखवतो. त्याने गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं, गुडघ्यावर बसून मुलीला मागणी घालतात तसं विचारून पाहिलं. शेवटी तो एकटाच टेबलापाशी उभा राहिला, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "का नाही?" आणि उत्तराची वाट न बघता दालनातून निघून गेला. त्या दिवसापासून तो तासाला हात खिशात घालून बसायचा.

तरीही उघडणारी दोघं-तिघं होतीच. त्यांना परीक्षेची धास्ती अधिक. त्यांना काही झालं नाही. कुणी आजारी पडलं नाही, कुणाला वाईट स्वप्न पडल्याचं ऐकिवात नाही. ती कुणाला शाप देत नव्हती, धमकावत नव्हती. विचारलं की फक्त नाही म्हणत होती, आणि मग पडून राहत होती आणि उघडली जात होती. झोराइदेला हेच सहन होईना. ती काही करत असती, तर आपण तिच्याशी झगडलो असतो, असं तिला वाटे.

जूनच्या सुरुवातीला कॉलेजच्या दरीतल्या शाखेतून मार्लुसीचा फोन आला. ती तिथे शरीरशास्त्र शिकवायची. कॉलेजने त्यांच्या टेबलातही हीच बाई घातली होती.

"काय ग झोराइदे, तुझं ते परवानगीचं खूळ आमच्या टेबलात कसं शिरलं?"

"तुमची मुलं विचारतात?"

"कशाला विचारतील? आम्ही काय तुमच्यासारखे देवभोळे आहोत? पोरगं नुसतं बोट लावायला जातं आणि ती 'नाय' म्हणते. बिघाड आहे म्हणून मी कळवलंय." मार्लुसी थांबली. मग आवाज उतरवून म्हणाली, "काल वर्ग सुटल्यावर मी दिवे मालवायला गेले होते. आत कुणी नव्हतं. मी बटणाला हात लावला आणि ती बोलली."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? दिवे तसेच ठेवून घरी आले."

झोराइदे एव्हांद्रोकडे गेली. तपासणी तोंडावर आली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही हसला नाही, आणि त्यावरून तिला कळलं की बिराने त्याला आधीच सांगितलंय.

"चल, स्वतः विचारून बघ," ती म्हणाली.

"मी विचारणार नाही."

"का? तुला तर येतं. माझ्याच हाताखाली शिकलास."

"म्हणूनच विचारणार नाही." त्याने खिडकीकडे पाहिलं. बाहेर धुक्यात विद्यार्थी सणाच्या पताका बांधत होते. "प्रोफेसोरा, यंत्राचे कान बंद करता येतात, तोंडही बंद करता येतं. बिरा दोन्हींच्या तारा काढून टाकेल. त्या दिवशी ती काही ऐकणार नाही, काही बोलणार नाही. तुम्ही बोटाने उघडा. पूर्वी ती बोलत नव्हतीच की. पूर्वीसारखंच होईल."

"पूर्वीसारखं," झोराइदे म्हणाली.

"मी तुमच्यासाठी विश्वस्तांचे पाय धरलेत. एक तास आहे. एकच. त्यानंतर हवं तर पडदा टाका टेबलावर आणि जुन्या चित्रांवरून शिकवा, मी बघायला येणार नाही. पण हा एक तास घ्या. नाहीतर जुलैत तुम्ही इथे नसाल, आणि माझ्याने ते बघवणार नाही."

तो खरं बोलत होता, हे तिला दिसत होतं.

ती थेट टाकीपाशी गेली. झाकण उचललं. आतली सेन्योरा तशीच होती, चिंचेच्या रंगाची, पापण्या आत ओढल्या गेलेल्या. तपासणी झाली की नगरपालिका तिला नेऊन पुरणार होती. झोराइदेने कडेवर हात ठेवला आणि विचारलं. मग कान देऊन वाट पाहिली. एक श्वास, आणखी एक, आणखी कितीतरी. टाकीतून काही आलं नाही. कधीच काही आलं नव्हतं. या टाकीतून त्या ओट्यावर गेलेली सगळी माणसं तिच्या डोळ्यांपुढून सरकली, आणि त्या सगळ्यांनी तिला हो म्हटलं होतं, असं ती इतकी वर्षं मुलांना सांगत आली होती. त्यांच्यातल्या कुणाला बोलायला तोंड दिलं असतं, तर? एकीला दिलं गेलं होतं. तेही चुकून, एका भल्या पोराने, मुलांना बरं वाटावं म्हणून.

तपासणीच्या दिवशी ऊन पडलं. मंत्रालयातून आलेल्या बाईंचं नाव इव्होने साराइव्हा, चाळिशीच्या, नीटनेटक्या, ब्राझीलियाहून निघाल्यापासून घाटातल्या वळणांनी बेजार झालेल्या. एव्हांद्रोने त्यांना कॉफी दिली, मक्याचा केक दिला, आणि दालनात आणलं. मुलं पांढऱ्या कोटात टेबलाभोवती उभी होती. जोनासनेसुद्धा केस विंचरले होते. कोपऱ्यात बिरा उभा होता, आणि त्याच्या हातात उपटलेल्या तारांचा झुपका होता, सगळ्यांना दिसेल असा. तो त्याने झोराइदेला मुद्दाम उचलून दाखवला आणि मान हलवली. ऐकायला काही उरलं नव्हतं, बोलायला काही उरलं नव्हतं.

काच उजळली. बाई दिसू लागली.

"वा," इव्होने साराइव्हा म्हणाल्या. "किती जिवंत वाटते."

"कासियाने," झोराइदे म्हणाली, "मानेपासून सुरुवात कर."

तिने कासियानेलाच निवडलं होतं, कारण तिच्याइतका सफाईदार हात वर्गात कुणाचा नव्हता. मुलगी पुढे झाली. तिने बोट उचललं, आणि मग सवयीने, कुणी न सांगता, तळहात आडवा करून काचेवर ठेवला.

"परवानगी असावी."

दालनात कुणी हललं नाही. बाहेर कुठेतरी सणाच्या शेकोटीसाठी लाकडं उतरवत होते, त्याचा आवाज येत होता. काच गप्प होती. जुनी शांतता होती ती. ओट्यावरची, चादरीखालची, झोराइदेच्या अगदी परिचयाची. एक श्वास गेला.

कासियानेने मान वळवली. "प्रोफेसोरा, काय म्हणाली ती?"

उत्तर झोराइदेच्या जिभेवर तयार होतं. काही म्हणाली नाही, म्हणजे हरकत नाही. हे वाक्य तिने इतक्या मुलांना सांगितलं होतं, की ते म्हणायला तिला विचार करावा लागत नसे. ते म्हटलं की पुढचं सगळं आपोआप होणार होतं. कासियानेचं बोट चालेल, नसा मोकळ्या होतील, या बाई काहीतरी लिहून घेतील, एव्हांद्रोच्या चेहऱ्यावरचा ताण उतरेल, आणि जुलैत ती याच दालनात असेल, ऑगस्टमध्ये असेल, पुढची वर्षंही असेल.

तिने पाहिलं, जोनास तिच्याकडे बघत होता. सगळेच बघत होते.

ती पुढे झाली आणि तिने स्वतःचा हात काचेवर ठेवला. या काचेवर तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. काच गार होती, खालची बाई डोळे मिटून होती. तिने विचारलं आणि थांबली. तिला ऐकू काहीच आलं नाही. आणि काहीच ऐकू न येण्याचा अर्थ काय, हे आता तिला ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक होतं.

"हात काढ, कासियाने," ती म्हणाली. "आज उघडायचं नाही."

इव्होने साराइव्हांनी वर पाहिलं. "काही तांत्रिक अडचण आहे का?"

"नाही, बाई. यंत्र उत्तम आहे."

"प्रोफेसोरा," मागून एव्हांद्रो म्हणाला. अगदी हलक्या आवाजात, पूर्वी तोंडी परीक्षेत अडकला की म्हणायचा तसं.

"किल्ल्या संध्याकाळी आणून देते," झोराइदे त्याला म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस. तू तुझ्याकडून सगळं केलंस."

तो तिच्या अंगावरून पुढे गेला. "माफ करा," तो पाहुण्या बाईंना म्हणाला. "आमच्याकडे थोडी जुनी पद्धत आहे. मी दाखवतो. मीही डॉक्टरच आहे." त्याने कोटाची बाही मागे सारली आणि तर्जनी काचेवर नेली, हनुवटीच्या खाली, जिथून सुरुवात करतात तिथे. बोट काचेपासून नखभर अंतरावर थांबलं. ते तिथेच राहिलं. मग हळूहळू बाकीची बोटंही उघडली आणि त्याचा तळहात आडवा होऊन काचेवर टेकला. त्याचे ओठ हलले. काय म्हटलं ते कुणाला ऐकू गेलं नाही, पण वर्गातल्या प्रत्येकाला ते कळलं.

तो वाट बघू लागला. मुलं वाट बघू लागली. बिराने तारा पाठीमागे लपवल्या.

"आपण कुणासाठी थांबलोय?" इव्होने साराइव्हांनी विचारलं. त्यांनी विचारलंही दबक्या आवाजात, आणि का, हे त्यांचं त्यांनाच उमगलं नसावं.  त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि त्याही काचेकडे पाहू लागल्या.

झोराइदे दारापर्यंत गेली. वळून पाहिलं, तर सगळे तसेच उभे होते, श्वास धरून, आणि त्यांच्या मधोमध ती बाई अखंड पडली होती. आत कुणी झोपलं असेल तर ओढतात तसं, आवाज न करता, झोराइदेने दार लावून घेतलं.